सरासरी नको, सर्वात वाईट वेळ बघा: सेट-टॉप बॉक्सवरच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सेट-टॉप बॉक्समधल्या रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमवरचा (म्हणजे प्रत्येक काम ठरलेल्या वेळेच्या आत होईलच याची हमी देणाऱ्या सिस्टिमवरचा) माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चित्र उलगडण्याचं काम चिपमधलं हार्डवेअर करतं, सॉफ्टवेअरकडे उरतो तो फक्त मेनू. त्यासाठी पीएसओएस, ओएस-९ वगैरे विकतच्या रिअल-टाइम सिस्टिमची कधी गरजच नव्हती, परवान्याच्या पैशांसाठी ते गळ्यात मारलं गेलं. आणि १९९९ साली टिवो या कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्या डब्याने ५४ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर साधं लिनक्स (रिअल-टाइम नसलेली, मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) चालवून हे दाखवूनही दिलं.

आक्षेप नेमके आहेत, म्हणून उत्तर जरा लांबणार.

आधी टिवो. पहिला टिवो अ‍ॅनालॉग सिग्नल घ्यायचा, स्वतःच तो एमपीईजी-२ या दाबून लहान केलेल्या डिजिटल रूपात बदलून हार्ड डिस्कवर लिहायचा आणि तिथून वाचून दाखवायचा. एन्कोडर त्याचाच, डीकोडर त्याचाच, घड्याळही त्याचंच. डिस्कवरून वाचायला थोडा उशीर झाला तर भरून ठेवलेला बफर (आधीच वाचून मेमरीत ठेवलेला साठा) वेळ निभावून नेतो. उपग्रहावरून थेट येणारा डिजिटल प्रवाह पकडणाऱ्या डब्याला ही सवड नसते, कारण तिथे घड्याळ प्रसारकाचं. १८८ बाइटच्या पाकिटांमधून त्या २७ मेगाहर्ट्झच्या घड्याळाच्या नोंदी येत राहतात आणि डब्याने आपलं घड्याळ त्याबरहुकूम सतत जुळवत राहायचं. डब्यातला क्रिस्टल (त्याच्या घड्याळाचे ठोके देणारा तुकडा) दशलक्षात फक्त ३० भाग जलद चालला, तरी तासाभरात १०८ मिलिसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे सेकंदाला २५ चित्रांच्या हिशोबाने जवळजवळ पावणेतीन चित्रं. डबा पुढे पळत राहिला तर कधी ना कधी त्याचा बफर रिकामा होणारच. प्रसारकाला ‘जरा थांबा’ म्हणायची सोय नाही.

नोंद आली त्या क्षणी आपल्या काउंटरचा आकडा टिपून ठेवायचं काम चिप करते, हे तुमचं बरोबर आहे. पण त्यावरून ‘सगळं हार्डवेअर करतं’ असं ठरत नाही. नव्वदच्या दशकातल्या डीकोडर चिपला सॉफ्टवेअर प्रत्येक चित्रासाठी हाताला धरून चालवायचं. हे चित्र मेमरीत कुठे उलगडायचं, संदर्भाला आधीची कोणती चित्रं घ्यायची, पडद्यावर आत्ता कोणतं न्यायचं, हे सगळं ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) सांगायचा. पडद्यावरचं चित्र बदलायचं ते एक फील्ड (एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र) संपून दुसरं सुरू होईपर्यंतच्या फटीत. ६२५ ओळींच्या पाल पद्धतीत या फटीत २५ ओळी बसतात, एकेक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची. एकूण १.६ मिलिसेकंद. दर २० मिलिसेकंदांनी ती फट येते, रात्रंदिवस. हजारदा वेळेत पोचलात आणि एकदा चुकलात, तर ती एक चूक घरी बसलेल्या माणसाला दिसते. सरासरी वेग कितीही चांगला असला तरी ती झाकली जात नाही.

आता त्या वेळचं लिनक्स आठवा. २.२ कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एखादी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, कर्नलच्या आत शिरली की तिला मध्येच बाजूला सारता येत नसे. ते जमलं २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ मध्ये. ‘इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणारा हार्डवेअरचा इशारा) आला की त्याच्या हँडलरमध्येच सगळं उरकू’ असं म्हणावं, तर दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरने तेवढा वेळ इंटरप्ट बंद करून ठेवलेले असायचे. बहुतेक वेळा काहीच बिघडत नसे. पण ‘बहुतेक वेळा’ हे उत्तर इथे चालत नाही.

माझ्या लेखाचा गाभा मात्र वेगळाच होता, आणि तुमच्या प्रतिक्रियेत तो आलाच नाही: प्रेक्षकाला रिमोटने कार्यक्रमाशी देवाणघेवाण करू देणारी इंटरअ‍ॅक्टिव्हिटी. नुसतं चॅनेल दाखवणारा डबा साध्या लूपवरही चालवता आला असता. पण थॉम्सन आणि सन यांच्या १९९४ च्या भागीदारीतून निघालेल्या ओपनटीव्हीसारख्या मिडलवेअरने (ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोग्रॅम यांच्यामधल्या सॉफ्टवेअरने) प्रसारणाबरोबरच प्रोग्रॅम पाठवायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १९९८ ला सुरू झालेल्या स्काय डिजिटलच्या डब्यांत हेच होतं. आता डब्यात चालणारा कोड भलत्याच कोणीतरी लिहिलेला, कालपर्यंत डब्याने न पाहिलेला. तो अनंत लूपमध्ये अडकला तरी बातम्या चालूच राहायला हव्यात. म्हणून तो व्हर्च्युअल मशीनमध्ये (बाकी डब्यापासून वेगळ्या ठेवलेल्या, सॉफ्टवेअरने बनवलेल्या मशीनमध्ये), खालच्या प्रायॉरिटीवर. व्हिडिओ-ऑडिओचे टास्क (कामं) वर. हे सगळं काही मेगाबाइट मेमरीत, आणि चिप बनवणाऱ्या एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स (एसटी) कंपनीच्या एसटी२० सारख्या प्रोसेसरवर तर एका प्रोग्रॅमची मेमरी दुसऱ्यापासून राखणारं एमएमयूसुद्धा नव्हतं. कार्यक्रमांची यादी गोठली आहे, रिमोटची बटणं दाबून काही होत नाही, पण मालिकेतले संवाद मागे बिनबोभाट चालू आहेत, हे आपल्याकडेही कित्येकांनी पाहिलं असेल. लोक वैतागतात, आणि त्यांचं वैतागणं रास्तच आहे. मला मात्र त्यात कोणीतरी प्रायॉरिटी विचारपूर्वक लावल्याचं दिसतं.

परवान्याचं म्हणाल तर डबे बनवणाऱ्या सायंटिफिक-अटलांटाची पॉवरटीव्ही (डब्यांची ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी) ही स्वतःचीच उपकंपनी होती, आणि एसटी आपल्या चिपसाठी ओएस२० ही रिअल-टाइम सिस्टिम स्वतःच पुरवायची. सगळ्यांनीच बाहेरून विकत घेतलं असं नाही.

आज मुख्य प्रोसेसरवर लिनक्स किंवा अँड्रॉइड असतं, यात वादच नाही. पण रिअल-टाइमचं काम संपलं नाही, त्याची जागा बदलली. एसटीच्या एसटीआय७१०९ चिपमध्ये एसटी४० या मुख्य प्रोसेसरवर लिनक्स चालायचं, आणि त्याच चिपमधल्या एसटी२३१ गाभ्यांवर ऑडिओ-व्हिडिओचं फर्मवेअर (चिपसाठीच लिहिलेलं सॉफ्टवेअर). ‘हार्डवेअर करतं’ असं आपण ज्याला म्हणतो, त्यातलं बरंचसं हे असं आत दडलेलं सॉफ्टवेअर असतं. आणि खुद्द लिनक्समध्ये प्रीएम्प्ट-आरटीचं (लिनक्सला रिअल-टाइम करणाऱ्या बदलांचं) काम सुमारे वीस वर्षं चालून नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ मध्ये ते मुख्य कर्नलमध्ये पूर्णपणे आलं. गरजच नसती तर इतक्या लोकांनी इतकी वर्षं त्यात घातली नसती.

तुम्ही लिनक्सवरच्या डब्यांवर काम केल्याचं लिहिलंय. व्हीसिंकचा (नवं फील्ड सुरू होत असल्याचा) इंटरप्ट आल्यापासून तुमचा टास्क जागा होईपर्यंत किती वेळ जायचा, याची मोजमापं जवळ असतील तर इथे जरूर टाका. डिस्क, नेटवर्क आणि मेनू तिन्ही एकदम चालू असतानाची, आणि त्यातला सर्वात मोठा आकडा.