‘एक इंच रिम वाढवा, दहाने प्रोफाइल उतरवा’: व्हॅनला हा हिशेब पुरत नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या व्हॅनवाल्यांच्या ग्रुपवर अलॉयचा, म्हणजे मिश्रधातूच्या रिमचा, एक मेसेज फिरतोय. रिम एक इंचाने वाढवा आणि प्रोफाइल (टायरच्या बाजूच्या उंचीचा आकडा) दहाने उतरवा, चाकाची उंची तीच राहते. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) बघू नका, एक्सएल, म्हणजे जादा वजनाचा, टायर घेतला की झालं. पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) जुळला की रिम बसतो. हवा जुनीच ठेवा. यातला उंचीचा मुद्दा निम्मा खरा आहे, बाकीचे तीन व्हॅनच्या जिवावर उठणारे.

आधी लोडचं बघू. समजा, गाडीवरच्या कंपनीच्या वजनाच्या प्लेटवर मागच्या ॲक्सलचं कमाल वजन १,८०० किलो आहे. एका टायरच्या वाट्याला ९०० किलो, म्हणजे लोड इंडेक्स किमान १०४ हवा. २१५/६५ आर१६ (रुंदी २१५ मिमी, प्रोफाइल ६५ टक्के, रिम १६ इंची) या मापाच्या कारच्या टायरवर बहुधा ९८ असतो, म्हणजे ७५० किलो. त्याचाच एक्सएल घेतला तर १०२, म्हणजे ८५०. दोन्ही मिळून १,७००. शंभर किलो तिथेच कमी पडले. हे माल मधोमध रचलाय असं धरून. एपीएमसी मार्केटमधून गोण्या एका अंगाला लादून निघालेल्या गाडीत एका टायरवर किती येतं, ते वेगळं सांगायला नको.

व्हॅनच्या टायरवर मापापुढे ‘सी’, म्हणजे कमर्शियल, असतो: २२५/६५ आर१६ सी, ११२/११०. ११२ एकेरी चाकासाठी, १,१२० किलो. ११० मागे जोडचाकं असतील तर, प्रत्येकी १,०६० किलो. कमी लोडचा टायर पहिल्याच फेरीत फुटत नाही, म्हणून लोकांना पटत नाही. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, गरजेपेक्षा जास्त वाकते, तापते, आतले थर सुटायला लागतात, आणि मे महिन्यात भरल्या गाडीनिशी हायवेवर हिशेब चुकता होतो.

रिमलाही लोड असतो, हे मेसेजवाल्यांच्या गावीच नाही. चांगल्या अलॉयच्या मागच्या बाजूला तो कोरलेला असतो. ‘६९०’ दिसलं तर तो कारचा रिम. ९०० किलोच्या चाकाला चालणार नाही, दुकानदार कितीही शपथ घेवो. आकडाच नसेल तर रिम खाली ठेवा.

आता उंची. मूळ टायर २१५/७५ आर१५ धरू. साइडवॉल २१५ च्या ७५ टक्के, म्हणजे १६१ मिमी. दुप्पट करून रिमचे ३८१ मिमी मिळवले की ७०३.५. मेसेजप्रमाणे २१५/६५ आर१६ घेतला तर ६८६, म्हणजे अडीच टक्के कमी. २२५/६५ आर१६ घेतला तर ६९९, फरक पाऊण टक्क्याच्याही आत. प्रोफाइल हा रुंदीचा टक्का आहे, म्हणून रुंदी न धरता ‘दहाने उतरवा’ म्हणणं फसवं. आणि २३५/७० आर१६ चढवला तर ७३५. साडेचार टक्के जास्त. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३-८४ ने जात असते.

सतरा इंची रिमचा मोह असेल तर २१५/६० आर१७ सी मिळतो, पण साइडवॉल १२९ मिमी उरते. पावसाळ्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या खड्ड्यात भरलेली गाडी आपटली की रिमची कड वाकणार. आमच्या मते माल वाहणाऱ्या व्हॅनला एक इंचाच्या वर जाऊ नये.

पीसीडीबद्दल. ११८ आणि १२०, ११२ आणि ११४.३ ही मापं डोळ्यांना सारखीच दिसतात. दोन मिमीचा फरक नट ओढून घेतो, चाक बसल्यासारखं वाटतं, आणि पुढे स्टड तुटतो. पीसीडी तंतोतंत जुळला तरी ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर) राहतोच. मूळ रिम ६जे ईटी४० (६ इंच रुंद, ऑफसेट ४० मिमी) आणि नवा ७जे ईटी२० असेल, तर बाहेरची कड ३२.७ मिमी बाहेर येते: रुंदीचे १२.७, ऑफसेटचे २०. मग बेरिंगवर ताण वाढतो आणि भरल्या गाडीत टायर फेंडरला घासतो. म्हणून ट्रायल रिकाम्या गाडीवर घेऊ नका. पूर्ण माल भरा, एक पुढचं चाक फुटपाथच्या कडेवर चढवा, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा, मग टॉर्च मारून आत चकाकलेल्या खुणा शोधा. रिमचं मधलं भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं तो गोल भाग) मोठं असेल तर नेमक्या मापाची रिंग घाला.

हवेचा मुद्दा छोटा आहे, पण नेमका तोच राहून जातो. वर सांगितलेला ११२ चा सी टायर पूर्ण लोड पेलतो तो सुमारे ६९ पीएसआयला. अलॉयला सर्रास लावतात तो साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पर्यंतचाच. मागे त्याच्या वर हवा भरायची असेल तर नटाने आवळायचा धातूचा व्हॉल्व्ह मागून घ्या. एक्सएलची गोष्ट उलटी: तो त्याचा लोड सुमारे ४२ ला देतो, त्याला ६५ भरून सी टायर बनवता येत नाही.

शेवटी नट. अलॉयच्या बैठकीप्रमाणे (नट टेकतो ती जागा) ते बदलतात, कोन वेगळा, कधी लांबीही. टॉर्क रेंचने आवळा आणि ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासा. स्टेपनी मात्र बहुतेकदा जुन्या लोखंडी रिमवरच राहते. तिला अलॉयचे नट नीट बसत नाहीत, म्हणून जुन्या नटांचा एक सेट जॅकच्या पिशवीतच टाकून ठेवा.