‘विषहारक’ जनुक काढूनही वाचलेले उंदीर

उंदरांतील जीएसटीपी या जनुकाविषयी एक दावा बराच पसरला आहे. त्यानुसार हे ‘विषहारक’ जनुक काढून टाकले की उंदीर साध्या औषधानेही दगावतो. सबब त्यापासून तयार होणारे विकर (एन्झाइम) शरीरात जितके जास्त तितके उत्तम, आणि जे उंदराला लागू तेच माणसालाही. यात खरे एवढेच आहे की हे विकर ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू काही अतिक्रियाशील संयुगांना जोडण्यास मदत करते, आणि अशी जोडलेली संयुगे बहुधा पाण्यात सहज विरघळून शरीराबाहेर टाकता येतात.

पहिला मुद्दा जनुकाविना दगावण्याचा. उंदरांमध्ये एका नव्हे, तर शेजारी-शेजारी असलेल्या दोन जनुकांपासून हे विकर बनते. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी ही दोन्ही जनुके काढून टाकलेल्या उंदरांचे वर्णन १९९८ साली प्रसिद्ध केले. ते उंदीर निरोगी आणि प्रजननक्षम होते. २००० साली याच गटाने त्यांना पॅरासिटामॉलची मोठी मात्रा दिली, तेव्हा यकृताची हानी वाढेल अशी संशोधकांची स्वतःचीच अपेक्षा होती. घडले नेमके उलटे: जनुक नसलेल्या उंदरांची यकृते या औषधाला अधिक पुरून उरली. कारण शोधताना असे दिसले की दोन्ही प्रकारच्या उंदरांत औषधाचे चयापचय सारख्याच गतीने व सारख्याच मार्गाने होत होते, त्याचे घातक उपउत्पाद पेशींतील प्रथिनांना सारख्याच प्रमाणात चिकटत होते आणि यकृतातील ग्लुटाथायोनचा साठाही सारख्याच झपाट्याने घटत होता. फरक इतकाच की जनुक नसलेल्या उंदरांत तो साठा पुन्हा भरून आला, इतरांत आला नाही. म्हणजे या औषधापुरते तरी हे विकर ज्या कामासाठी ओळखले जाते ते काम जिवंत उंदरात करत नव्हते. (पॅरासिटामॉलचे ते उपउत्पाद विकराच्या मदतीशिवायही ग्लुटाथायोनशी संयोग पावते, हे लक्षात घेतले तर नवल थोडे कमी होते.)

यावरून हे जनुक घातकच आहे, असा उलटा दावा कोणी करू नये. १९९८ च्याच प्रयोगात जनुक नसलेल्या उंदरांच्या त्वचेवर कर्कजनक रसायने लावल्यावर गाठींची सरासरी संख्या सामान्य उंदरांच्या तिपटीहून अधिक भरली. त्वचेत संरक्षण आणि यकृतात अपाय, अशी दोन्ही निरीक्षणे एकाच जनुकाची आहेत.

दुसरा मुद्दा ‘जास्त तितके उत्तम’ हा. ग्लुटाथायोन जोडणे म्हणजे निर्विष करणे, हे समीकरणच कच्चे आहे. याच विकरकुलातील थीटा गटाचे विकर डायक्लोरोमिथेन या द्रावकाला ग्लुटाथायोन जोडते, तेव्हा डीएनएला इजा करू शकणारा अस्थिर मध्यस्थ रेणू तयार होतो. या द्रावकाच्या वाफेने उंदरांच्या यकृतात व फुप्फुसांत ज्या गाठी होतात, त्यांचे कारण मुख्यतः याच मार्गात शोधले जाते. शिवाय जीएसटीपीचे काम रसायनांपुरते मर्यादित नाही. ताण नसलेल्या पेशींत ते जेएनके या, ताणाच्या वेळी पेशीला मृत्यूकडे नेऊ शकणाऱ्या, संकेतवाहक प्रथिनाला बांधून निष्क्रिय ठेवते, असे १९९९ साली दाखवले गेले. मात्र तेवढ्याने पॅरासिटामॉलचे कोडे सुटत नाही, कारण जनुक नसल्याने जेएनके मोकळे झाल्यास यकृताची हानी वाढायला हवी.

उरला माणसाचा मुद्दा, आणि तो थोडक्यात आटोपतो. उंदराच्या, विशेषतः नराच्या, यकृतपेशींत हे विकर मुबलक असते. माणसाच्या निरोगी यकृतपेशींत ते जवळपास नसतेच, यकृतात आढळते ते मुख्यतः पित्तनलिकांच्या अस्तरात. त्यामुळे उंदराच्या यकृतावरून जीएसटीपीविषयी काढलेला निष्कर्ष, दाव्यातला असो की वरच्या प्रयोगातला, माणसाच्या यकृताला जसाच्या तसा लावता येत नाही.