पार तुमच्या सातबाऱ्यावर, पाणी सगळ्यांच्या वावरात

भाऊ, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. नाल्यावरची पार, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, वडिलांनी पदरच्या पैशानं घातली, २० वर्षांत फुटली नाही, मग सलंग (जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट) मोठा करा म्हणणारे तुम्ही कोण, असं तुम्ही विचारलंत. राग समजतो. धान गर्भावर असताना पाऊस दडी मारतो, तेव्हा त्या एका पाण्यावर पीक हाती लागतं. पार फोडा असं मी लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही.

पण आजवर फुटली नाही म्हणजे फुटणारच नाही असं नाही. नाल्याला १०० हेक्टरचं पाणी येतं असं धरू. एका रात्री १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला निम्माच वाहून आला, तरी ते ५ कोटी लिटर होतं. तलाव आधीच भरलेला असेल तर एवढं पाणी सलंगातूनच निघायला हवं. नाही निघालं तर पारीवरून जाईल. मातीची पार वरून वाहणारं पाणी सोसत नाही. खालचा उतार धुपत वर सरकतो आणि बघता बघता खिंड पडते. तुमच्या फोटोत सलंगाच्या तोंडाशी मातीची पोती रचलेली दिसतात. पाणी जास्त साठावं म्हणून ठेवली असतील, पण मला सगळ्यात जास्त भीती त्यांचीच वाटते.

मालगुजारांचा, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जुन्या जमीनदारांचा, दाखला तुम्हीच दिलात. १९५१ पर्यंत त्यांचे तलाव खासगी होते, खरं आहे. पण ते बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या लोकांनी पारीबरोबर तुडुम (शेताला पाणी सोडायची मोरी) आणि सलंगही केला. जास्तीचं पाणी कुठून जाणार, हे त्यांनी आधीच ठरवलेलं असे.

धरण सुरक्षा कायदा २०२१ चा. तो १५ मीटरहून उंच धरणांना आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू होतो. तुमच्या ४ मीटरच्या पारीला तो लागत नाही. त्यामुळे खालच्या टोलीची (वस्तीची) काळजी तुमच्याशिवाय कोण घेणार?

मृगाआधी पोती काढा. पारीवर झाडं वाढू देऊ नका, मुळं कुजली की आत पोकळ्या राहतात. पावसाळ्यात पायथ्याशी चक्कर मारा. झिरपा स्वच्छ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ येत असेल तर आतून माती वाहतेय असं समजा. तेव्हा टोलीवर लगेच निरोप द्या आणि तुडुम उघडून पातळी हळूहळू उतरवा.