मॅच बघायची नाहीये हो, ऐकायचीये!

मॅच दाखवणाऱ्या ॲपच्या कस्टमर केअरला फोन केला, तर तिथली ताई म्हणाली, "सर, फक्त ऑडिओ असा प्लॅन आपल्याकडे नाहीये. तुम्ही व्हिडिओ लो क्वालिटीला ठेवून बघा ना."

बघा ना! अहो ताई, मी गाडी चालवतो. मागच्या सीटवर माझे बाबा असतात, त्यांच्या दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे. आमच्यातल्या कोणी बघायचं? तिला हे सांगितलं, तर म्हणते, "ओके सर, मी तुमचा फीडबॅक नोंदवून घेते." काय नोंदवून घेतलं असेल कोण जाणे. लगेच एसएमएस आला, आमच्या सेवेला पाचपैकी किती स्टार द्याल? डोकं फिरलं माझं.

झालं असं की आम्ही रविवारी कोकणातून परत येत होतो. माणगाव सोडलं तेव्हा भारताची बॅटिंग चालू, चार ओव्हर राहिलेल्या, सामना अगदी अटीतटीला आलेला. बाबा दुपारपासून "लाव रे, लाव रे" करत होते. लावला. वर्षाचे पैसे भरलेत, लावणारच. फोनची स्क्रीन बंद केली की आवाज बंद. म्हणजे अंधाऱ्या रस्त्यावर, वळणावळणावर, डोळ्यांसमोर तो झगमगता चौकोन चालूच ठेवायचा. नकाशा बघायला दुसरं ॲप उघडलं की मॅच गप्प. नकाशा बंद, मॅच चालू. तापून तापून फोन इतका गरम झाला की हातात धरवेना.

बरं, आवाज आला तर आला काय? "अरे बघा, बघा, बघा! काय मारलाय! ओ हो हो हो! नाद खुळा!"

बाबा विचारतात, "कुठे मारला?"

मला काय माहीत कुठे मारला! मी विळे गावाच्या पुढच्या वळणावर समोरून येणाऱ्या डंपरकडे बघतोय. बाबा पुन्हा विचारतात, "चार गेला की सहा? मारला कोणी?" समालोचक तिघं आणि तिघंही एकमेकांची मस्करी करतायत. कोणीतरी कोणाला तरी कालच्या बिर्याणीवरून चिडवतंय. स्कोअर सांगायला एकजण तयार नाही, कारण स्कोअर पडद्यावर लिहिलेलाय ना! मग एकदम गलका झाला आणि सगळे गप्प. विकेट? कॅच सुटला? बाबांनी माझा खांदा धरला, "काय झालं रे, काय झालं?" मी गाडी कडेला घेतली, पार्किंग लाइट लावले आणि फोन उचलला, तर पडद्यावर नुसतं गोल गोल फिरणारं चक्र. ताम्हिणी घाट सुरू झाला होता. रेंज गेली.

रेंज आली ती मुळशीजवळ. आणि पहिली आली ती जाहिरात. वर्षाचे पैसे भरूनही जाहिरात! आणि कसली, तर वेलचीची. वेलची म्हणे! कोणती पुडी विकायला ती वेलची पुढे करतात हे शेंबड्या पोराला कळतं, आणि देशासाठी खेळलेली माणसं ती डबी हातात धरून हसतात. चीड येते मला. ती जाहिरात ओलांडता येत नाही, आवाजही कमी होत नाही. ती संपेपर्यंत घरून बायकोचा मेसेज आला होता, जिंकलो. मॅच तशीही अर्धा मिनिट मागेच चालते यांची, वरच्या मजल्यावरचे आधी ओरडतात आणि मग आपल्याला चौकार दिसतो. बाबा एवढंच म्हणाले, "असू दे." त्यांचं ते "असू दे" मला अजून सोसत नाहीये.

या माणसानं आयुष्यभर मॅच कानानं बघितलीये. रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी वर्णन ऐकत वाढलेली ती पिढी. गोलंदाज कुठल्या टोकाकडून येतोय, स्लिपमध्ये किती जण उभेत, चेंडू ऑफ स्टंपच्या किती बाहेर पडला, फलंदाजानं पाय पुढे टाकला की मागे नेला, क्षेत्ररक्षकानं वाकून अडवला की पळत जाऊन, धाव एक की दोन, आणि लगेच धावसंख्या. दर चेंडूला. सुशील दोशी हिंदीत बोलायला लागले की मैदान उभं राहायचं. ही कला आहे, आणि ती येणारी माणसं आजही आहेत. टीव्हीवरची बडबड म्हणजे समालोचन नव्हे, ती चित्राला जोडलेली आरडाओरड आहे. आता ॲपवर मराठीत लागतं, मला त्याचा आनंदच होता. पण मराठीत ओरडलं तरी न दिसणाऱ्याला काही दिसत नाही हो!

कोणी म्हणेल, आकाशवाणी लाव. अहो लावली असती! भारताच्या सामन्यांचं वर्णन आकाशवाणी अजून करते. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झला, मध्यम लहरींवर म्हणजे एएमवर, बाबांना झोपेतही तोंडपाठ. पण गेल्या वर्षी घेतलेल्या माझ्या गाडीत मध्यम लहरीच नाहीत. केवढा मोठा टचस्क्रीन, सनरूफ, सीटला गार वारा, आणि एएम नाही. शोरूममधला पोरगा म्हणाला, "सर, आता एएम कोण ऐकतं?" माझा बाप ऐकतो! मध्यम लहर डोंगराआडही पोचते, रात्री तर शेकडो किलोमीटर जाते. एफएमला डोंगर आडवा आला की संपलं. इलेक्ट्रिक गाडीत मोटर आणि इन्व्हर्टर मध्यम लहरींत खरखर करतात म्हणून काढतात, एक वेळ तेही समजू शकतो. माझी गाडी पेट्रोलची आहे! अमेरिकेत फोर्डनं २०२३ मध्ये नव्या गाड्यांतून एएम काढायचं ठरवलं, तेव्हा लोकांनी आणि खासदारांनी असा गदारोळ केला की कंपनीला माघार घ्यावी लागली. आपल्याकडे कोणी हूं की चूं केलं नाही.

आणि खासगी एफएम? दिवसभर तीच ती गाणी आणि फोनवरच्या फालतू मस्कऱ्या. क्रिकेट लावा म्हटलं तर सरकारनं आधीच हात बांधलेत. २०११ च्या धोरणात लिहिलंय की स्थानिक पातळीच्या खेळांचं थेट वर्णन चालेल, मोठ्या सामन्यांचं नाही. का? २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रसारण प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या संस्थेला, द्यावंच लागतं, रेडिओच्या जाहिरातींचं उत्पन्नही निम्मं-निम्मं वाटायचं ठरलंय. उत्तम कायदा आहे, माझा पाठिंबा आहे. पण आयपीएल त्यात बसत नाही, मग दोन महिने बाबांनी काय करायचं?

सगळ्यात जास्त राग येतो तो याचा की आपल्याकडे उपग्रहावरचा रेडिओ होता. होता! वर्ल्डस्पेस. २००० साली एशियास्टार उपग्रह वर गेला, आणि पुण्यात खिडकीत पूर्व-आग्नेयेकडे अँटेना वळवली की स्वच्छ आवाज. 'गंधर्व'वर शास्त्रीय, 'फरिश्ता'वर जुनी हिंदी गाणी. भारतात लाखाच्या वर वर्गणीदार होते, पैसे भरून ऐकणारे! मूळची अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ३१ डिसेंबर २००९ ला इथलं सगळं बंद. त्यानंतर कोणाला वाटलंच नाही की आवाजासाठी पैसे मोजणारा माणूस या देशात आहे.

न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ गाडीत सिरियस एक्सएम हा तिथला उपग्रह रेडिओ लावतो. दोन कंपन्या होत्या, २००८ ला एक झाल्या, तीन कोटींवर वर्गणीदार. बेसबॉलची प्रत्येक मॅच लागते, आणि तीही यजमान संघाच्या समालोचकांकडून ऐकायची की पाहुण्यांच्या, हे त्यांच्या ॲपवर तुम्ही ठरवायचं. मोबाइलचा टॉवर नसलेल्या ओसाड रस्त्यावरही ऐकू येतं. फोनवर तो विचारत होता, तुमच्याकडे कुठली सर्व्हिस चांगली? निवडायला काही असेल तर निवडणार ना!

मला फोर के नको, मैदानाचा चोवीस कोनांतून व्ह्यू नको, पडद्यावर बोट ठेवून जिंकायचे गेम नकोत. एक बटण द्या, फक्त आवाज. स्क्रीन बंद असताना चालणारा. व्हिडिओपेक्षा कितीतरी कमी डेटा लागेल, घाटातल्या तुटपुंज्या रेंजवरही टिकेल. त्यावर दोन माणसं बसवा, ज्यांना चेंडू कुठे गेला ते सांगता येतं आणि दर चेंडूला स्कोअर सांगायची लाज वाटत नाही. त्याचे वेगळे पैसे घ्या, आत्ता घेता तेवढेच घ्या. न दिसणाऱ्यांसाठी, गाडी चालवणाऱ्यांसाठी, रात्री गेटवर बसलेल्या वॉचमनसाठी, गोठ्यात धार काढणाऱ्यासाठी. हे मी त्या ताईंना पुन्हा फोन करून शब्दन् शब्द सांगणार आहे, आणि त्यांनी नोंदवून घेतो म्हटलं की काय नोंदवलं ते वाचून दाखवायला लावणार आहे.