भडकमकरांचा दवाखाना

लॅपटॉपचा चार्जर दुरुस्तीला टाकला नवऱ्याने, आणायचा मात्र मी. पावतीवर दुकानाचा पत्ता छापलेला: डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडून मी थोडी चालले आणि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका काकांना तो वाचून दाखवला.

"भडकमकर?" काका विचारात पडले. "कसले डॉक्टर?"

"रस्ता आहे, काका."

"इथे जन्म गेला माझा. कोपऱ्यावर एक आहे, पण तो दातांचा."

"मला डॉक्टर नकोय. दुकान हवंय."

"औषधाचं?"

"चार्जरचं!"

काकांनी शेजारच्या केबलवाल्याला हाक मारली. "अरे, ते डॉक्टर भडकमकर कुठे बसतात?"

केबलवाला गुंता सोडवत होता. मान वर न करता म्हणाला, "ते गेले ना."

काकांचा चेहरा पडला. आवाज खाली आणून म्हणाले, "सॉरी हां ताई. जवळचे होते?"

आता काय बोलणार? काका ज्या पाटीला पाठ टेकून बसले होते, तिच्याकडे मी बोट दाखवलं. ते वळले. एकेक अक्षर लावून त्यांनी ती वाचली, आणि माझ्यावरच उखडले. "अहो, मग लॅमिंग्टन रोड म्हणा की! शिकल्यासवरल्या दिसता, सरळ मराठीत सांगायला काय होतं?"

हे लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचे. तिकडे चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेल्या केकला त्यांचंच नाव आहे. १९४० साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओडवायरला गोळ्या घातल्या, तेव्हा हेही व्यासपीठावर होते, हातावर निभावलं. जो माणूस तिथून वाचला, तो आपल्या पालिकेच्या पाटीला काय दाद देणार?

आणि ज्यांच्या नावाची पाटी, त्यांची आपण काय बडदास्त ठेवली? आधी मोठा समारंभ करून नाव द्यायचं, मग ते लांबलचक आहे म्हणून आद्याक्षरांवर आणायचं. दादाभाई नौरोजी झाले डी. एन., जगन्नाथ शंकरशेट जे. एस. एस., स्वामी विवेकानंद एस. व्ही. भडकमकरांचं डी. बी. झालं. कसाबला जिवंत धरताना जीव देणारे तुकाराम ओंबळे डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे; त्या दिवसांत हे नाव देशभर ऐकू गेलं, पण तेही डी. बी.च. ग्रँटसाहेबाचा रस्ता कागदोपत्री मौलाना शौकत अलींचा झालाय, तरी स्टेशनावर साहेब अजून ठाण मांडून आहेत. पाटी लावून हार घातला की सगळे मोकळे. भडकमकर कोण, एवढी एक ओळ त्या पाटीखाली रंगवायला कितीसा रंग लागला असता? ती असती तर भर उन्हात, भर रस्त्यात माझं सांत्वन झालं नसतं.

शेवटी दुकान सापडलं. काकांपासून चौथं. मालकाला म्हटलं, पत्त्यात लॅमिंग्टन रोड का लिहीत नाही हो?

"ते जीएसटीवाल्यांसाठी आहे," तो म्हणाला. "गिऱ्हाईक कुठे वाचतंय?"