ई-नंबरची यादी पुढे पाठवण्याआधी

रमजान जवळ आला की ग्रुपवर ई-नंबरची, म्हणजे खाण्याच्या पाकिटावर घटकांसाठी छापतात त्या सांकेतिक आकड्यांची, यादी पुन्हा फिरायला लागते. 'या सगळ्या ई-नंबरांत डुकराची चरबी आहे, सवाबच्या (पुण्याच्या) नियतीने पुढे पाठवा.' यादीतला पहिलाच आकडा १००. ई-१०० म्हणजे कर्क्युमिन, हळदीचा पिवळा रंग. पुढे १४०, म्हणजे क्लोरोफिल, पानांचा हिरवा रंग. ३३४ म्हणजे टार्टारिक आम्ल, जे चिंचेत असतं. कुराणात, सूरह नहलमध्ये (१६:११६) ताकीद आहे की, तोंडाला येईल तसं 'हे हलाल, हे हराम' म्हणू नका. हलाल वस्तूला हराम ठरवणं हाही गुन्हाच. शिकलीसवरलेली माणसं न वाचता हे पुढे ढकलतात, याचा मला खरोखर त्रास होतो.

आकड्यावरून पदार्थ कळतो, तो कशापासून काढला ते कळत नाही. ४७१ घ्या, म्हणजे मोनो- आणि डायग्लिसराइड्स. पाव मऊ राहावा, आइस्क्रीम गुळगुळीत व्हावं म्हणून घालतात. हे पाम तेलापासून बनतं, सोयाबीनपासून बनतं, गाईच्या किंवा डुकराच्या चरबीपासूनही बनतं. आकडा तोच. ९२०, म्हणजे एल-सिस्टीन, पिसांपासूनही काढतात आणि आंबवूनही बनवतात. म्हणून '४७१ हराम' हे जितकं चूक, तितकंच '४७१ला काही हरकत नाही' हेही चूक.

भारतात छापलेल्या पाकिटावर आपलं काम बरंच सोपं आहे. बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरात 'इमल्सिफायर (३२२, ४७१)' दिसलं की आधी हिरवा ठिपका शोधा. कायद्याने त्या ठिपक्याखाली मांस, चरबी, अंडं, कीटक यातलं काही चालत नाही. दूध, मध, मेण आणि लाख एवढीच सूट. म्हणजे चरबीचा प्रश्न तिथेच मिटला. फ्लेवरमधल्या अल्कोहोलबद्दल मात्र हा ठिपका काही सांगत नाही.

खरी अडचण आखातातून येणाऱ्या बॅगांची. आमच्या कोकणात घरटी कुणीतरी दुबई-कुवेतला. युरोपात बनलेली चॉकलेटं, मार्शमॅलो येतात, त्यावर हिरवा ठिपका नसतो. 'दुबईत विकतात म्हणजे हलालच' असं धरून चालू नका. 'व्हेजिटेरियन' लिहिलंय का बघा, हलालचा शिक्का कुणाचा आहे ते बघा. लाल गोळ्यांवर १२० असेल तर तो रंग वाळवलेल्या किड्यांचा. आमच्या घरात तो बाजूला ठेवतात.

मार्शमॅलोत जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. त्यावर वाद घालणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. नापाक वस्तूचं रूप पुरतं पालटणं याला इस्तिहाला म्हणतात, आणि तशी ती पाक होते का हा प्रश्न आहे. हनफी आणि शाफई हे सुन्नींच्या धर्मकायद्याचे दोन मजहब, म्हणजे परंपरा. हनफी मजहबात याला बरीच जागा आहे. शाफईंमध्ये फार थोडी, दारूचा आपोआप सिरका (व्हिनेगर) झाला तर अशी. आम्ही कोकणी बहुतेक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. एकाच ग्रुपवर दोन मुफ्तींची (धार्मिक निर्णय देणाऱ्यांची) दोन उत्तरं आली म्हणून कुणी खोटं ठरत नाही. आपल्या मुफ्तींना विचारा, आणि विचारताना पाकिटाचा फोटो द्या, नुसता आकडा नको.

कधीकधी तर पाकीट वाचूनही भागत नाही. इंडोनेशियात २००१ साली अजिनोमोटोचा माल बाजारातून परत घ्यावा लागला, कारण ती चवीची पूड ज्यांच्याकडून बनवतात ते जिवाणू वाढवायच्या खाद्यात डुकरापासून काढलेलं एन्झाइम वापरलं होतं. हे लेबलवर कुणाला दिसणार होतं?

म्हणून माझं ठाम मत आहे की उगम लिहिणं ही कंपनीचीच जबाबदारी. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही गोरक्षकांच्या एका संस्थेच्या याचिकेवर हेच म्हटलं: नुसता कोड नको, घटक वनस्पतीचा की प्राण्याचा की प्रयोगशाळेतला, ते लिहा. आदेशात ६३१ चं, म्हणजे चव वाढवणाऱ्या एका घटकाचं, उदाहरण आहे. याचिका कुणाची होती याच्याशी मला देणंघेणं नाही. जैन शेजाऱ्याला, शाकाहारी मैत्रिणीला आणि मला, तिघांनाही तीच माहिती हवी आहे.

तोवर एवढं करा: पाकिटावर ग्राहक सेवेचा ईमेल असतो, तिथे विचारा, '४७१ कशापासून?' लेखी उत्तर आलं की तारखेसकट ग्रुपवर टाका. आणि ती जुनी यादी आली, तर पाठवणाऱ्या मामूंना किंवा खालांना सगळ्यांसमोर नको, वेगळा फोन करून हळदीचं सांगा.