वाळवंटातल्या वाटांचं गाइडबुक घेताय? आधी पाण्याबद्दल काय लिहिलंय ते बघा

मंडळी, मुलगा-सून कॅलिफोर्नियात आणि आई-बाबा सहा महिने तिकडे, हे आता कोथरूड-बाणेरच्या अर्ध्या सोसायट्यांचं वेळापत्रक झालंय. त्यात दर शनिवारी सिंहगड करणारे पुष्कळ. तिकडे गेलं की जोशुआ ट्री, डेथ व्हॅली, ग्रँड कॅन्यन ही वाळवंटी राष्ट्रीय उद्यानं ओघानं आलीच, आणि मग ट्रेकच्या ग्रुपवर विचारणा होते, "पुस्तक कुठलं घेऊ?" लोक धडाधड मुखपृष्ठांचे फोटो टाकतात. माझं म्हणणं असं की पुस्तकाचं नाव नंतर बघू. हातात येईल त्या पुस्तकात एका वाटेचं पान उघडा आणि पाणी, ऋतू आणि परतीची चढण यांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. तिथे मोघमपणा दिसला तर फोटो कितीही देखणे असोत, पुस्तक जागेवर ठेवून द्या.

पाण्याचं आधी. आपली सवय दोन लिटर घेऊन निघायची. पुढे गडावरचं टाकं असतं, नाहीतर ताकवाल्या मावशी. जोशुआ ट्री हे सुमारे 3,200 चौरस किलोमीटरचं उद्यान. पिण्याचं पाणी मिळतं ते कडेकडेच्या मोजक्या ठिकाणी, म्हणजे पश्चिम प्रवेशद्वार, ब्लॅक रॉक, कॉटनवुड वगैरे. मधल्या सगळ्या भागात एक नळ नाही. उद्यानाचाच सल्ला माणशी रोज किमान एक गॅलन, म्हणजे 3.8 लिटर, आणि चालणार असाल तर त्याच्या दुप्पट. त्यामुळे पुस्तकाने प्रत्येक वाटेला किती पाणी घ्यावं हे लिटर-गॅलनमध्ये सांगायला हवं. 'भरपूर पाणी बाळगा' हे वाक्य लेखकाने घरी बसूनही लिहिता येतं. नकाशावर 'झरा' दाखवलाय तिथे तो बारमाही की हंगामी आणि कुठल्या महिन्यात पाहिला, हे लिहिणारा लेखक विश्वासाचा. नुसता झरा छापून मोकळं होणारं पुस्तक वाळवंटात घातक ठरतं, कारण वाचणारा त्या झऱ्याच्या भरवशावर बाटल्या कमी घेतो.

दुसरा घोळ अंतर आणि चढाईच्या आकड्यांचा. मैल की किलोमीटर हे कळतं हो. पण आकडा एका बाजूचा की जाऊन-येऊन, हे प्रस्तावनेत कुठेतरी एकदाच लिहिलेलं असतं आणि ती आपण वाचत नाही. चढाईतही काही पुस्तकं एकूण चढ देतात, काही फक्त सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीतला फरक. जोशुआ ट्रीमधल्या रायन माउंटनला त्याने बिघडत नाही. जाऊन-येऊन 3 मैल, चढ 1,050 फूट, म्हणजे 320 मीटर. आतकरवाडीतून सिंहगड साधारण 600 मीटर चढावा लागतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण तिथल्याच फोर्टीनाइन पाम्स ओएसिसला आधी सुमारे 300 फूट चढून मग ताडांच्या झुंडीकडे उतरायचं असतं, आणि परतताना पुन्हा तेवढंच चढायचं. नुसता उंचीतला फरक छापला तर वाट सपाट वाटेल. ग्रँड कॅन्यनमध्ये तर सगळंच उलटं. आपल्याकडे दम सकाळी लागतो आणि उतरताना गप्पा होतात. तिथे ताजेतवाने असताना उतरता आणि दुपारच्या उन्हात, बाटल्या संपत आल्यावर, चढता. त्यामुळे चढउताराचा आलेख नसलेलं पुस्तक दरीच्या वाटांसाठी घेऊ नये.

वेळेचा अंदाज पुस्तकावर सोडू नका. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा 1892 पासूनचा ठोकताळा आहे: 5 किलोमीटरला एक तास, अधिक दर 600 मीटर चढाला एक तास. तो धडधाकट माणसाचा आणि पक्क्या वाटेचा. वाळवंटात बऱ्याच वाटा कोरड्या ओढ्याच्या पात्रातून जातात आणि भुसभुशीत वाळूत पाऊल मागे सरकतं, तिथे वेळ सरळ वाढवून धरा. पायाखाली वाळू, कातळ की सुटे धोंडे, हे चांगलं पुस्तक टप्प्याटप्प्याने सांगतं. शिवाय हिवाळ्यात दिवस लहान. जोशुआ ट्रीला डिसेंबरात पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो. पुण्यात तेव्हा अजून तासाहून जास्त उजेड असतो.

ऋतूबद्दल मी जरा कडक बोलणार. आपली माणसं तिकडे जातात मे ते ऑगस्ट. चालण्याचा खरा मोसम ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात डेथ व्हॅलीच्या सखल भागात सकाळी दहानंतर चालूच नका, असं उद्यानच सांगतं. 1913 साली 56.7 अंश सेल्सिअस नोंदलं गेलं ते इथेच, फर्नेस क्रीकला. महिन्यांचा स्पष्ट उल्लेख न करता 'वर्षभर आनंददायी' छापणारं पुस्तक रद्दीत घाला.

आता आवृत्ती. मुखपृष्ठावरच्या 'नवीन' या शब्दाला भुलू नका, आतलं कॉपीराइटचं पान बघा. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर, सुधारित आवृत्ती वेगळी. ऑगस्ट 2023 मध्ये डेथ व्हॅलीत एका दिवसात 2.2 इंच पाऊस पडला. आपल्या जुलैतला एखादा बरा दिवस म्हणा, पण तिथे तो वर्षभराचा पाऊस. रस्ते वाहून गेले आणि उद्यान ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद राहिलं. त्याआधी 2015 च्या पुराने तिथल्या स्कॉटीज कॅसल या जुन्या वाड्याचं इतकं नुकसान झालं की तो पुढे वर्षानुवर्षं बंदच राहिला. जुनं पुस्तक मात्र तुम्हाला खुशाल तिकडे पाठवेल. म्हणून पुस्तक कितीही ताजं असलं तरी निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या वेबसाइटवरच्या सूचना वाचायच्याच. पुरावरून आठवलं, अरुंद घळींच्या वाटांना 'दूरच्या डोंगरावरचं आभाळ बघा' ही ताकीद हवीच. 1997 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यन या घळीत 11 जण वाहून गेले. पाऊस पडला होता काही मैल लांब.

नकाशाची एक गोष्ट आपल्या लोकांच्या हमखास नजरेतून सुटते. पुण्यात होकायंत्राची सुई आणि खरी उत्तर यांत जवळजवळ फरक नाही, त्यामुळे दुरुस्तीची सवयच नसते. जोशुआ ट्रीला सुई सुमारे 11 अंश पूर्वेला झुकते. दुरुस्ती विसरलात तर दर किलोमीटरला 190 मीटर बाजूला जाल, आणि त्या धोंड्यांच्या भूलभुलैयात तेवढं हरवायला पुरे. पुस्तकात हा कोन दिलेला असावा.

गाडीरस्त्याचंही वाचा. डांबरी, कच्चा की जमिनीपासून उंच असलेल्या गाडीचाच, हे प्रत्येक वाटेला लिहिलेलं हवं, कारण भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाई असते. काट्यांबद्दल काय लिहिलंय तेही बघा. चोया निवडुंगाचा तुकडा बुटाला चिकटला आणि बोटांनी काढायला गेलात की तो बोटांना चिकटतो. खालून कंगवा सरकवून झटकायचा असतो. इतपत लिहिणारा लेखक तिथे फिरलेला असतो.

जोशुआ ट्रीला एका दिवसासाठीच जाणार असाल आणि हिडन व्हॅली, बार्कर डॅम एवढंच करणार असाल, तर पुस्तकच घेऊ नका. दोन्ही वाटा मैलभराच्या आहेत, प्रवेशद्वारावर मिळणारा कागद पुरतो. दोन-चार दिवस असतील तर शंभर वाटांच्या जाडजूड ग्रंथापेक्षा पंचवीस वाटांचं, प्रत्येकीला तीन-चार पानं देणारं पुस्तक बरं. इथून मागवू नका. मुलांच्या गावच्या लायब्ररीतून आधी दोन-तीन आणा, एकच वाट तिन्हींत वाचा, आकडे उद्यानाच्या वेबसाइटशी ताडून बघा आणि मग त्यातलं एक विकत घ्या.

चालायला जाताना पुस्तक न्यायचं नाही, त्या वाटेच्या पानांच्या दोन झेरॉक्स काढायच्या. आत मोबाइलला रेंज जवळपास नाहीच, त्यामुळे अ‍ॅपचा नकाशा आधीच उतरवून ठेवा. एक झेरॉक्स झिपच्या पिशवीत घालून खिशात. दुसरी घरी थांबणाऱ्याकडे, त्यावर गाडी कुठे लावणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर 911 ला (तिकडचा आपत्कालीन नंबर) कळवायचं, हे पेनाने लिहून.